तीन वाजता संपणारं पाणी

निनादच्या डोक्यावर शाम्पूचा फेस होता, डोळे गच्च मिटलेले होते आणि नळातून नुसती हवा येत होती.

"पानी किधर गया?" मेसमागच्या नळाखाली वाकलेल्या अवस्थेतच त्याने विचारलं.

"काल गेलं होतं तिकडेच," देविका म्हणाली. "किती वाजले?"

"यार, मेरी आँख में शाम्पू है."

तिने त्याचंच मनगट वळवून घड्याळ पाहिलं. तीन वाजून चार मिनिटं. काल तीनला दहा कमी असताना गेलं होतं, परवा सव्वातीनला. लखनौचा मे महिना, हॉस्टेलात नव्वद मुलं आणि गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी. सकाळी दहानंतर व्होल्टेज इतकं पडायचं की पंपाची मोटर जळायच्या भीतीने कोणी तिला हात लावत नसे. शिबिराच्या पत्रकात मात्र 'चोवीस तास पाणी' असं ठळक छापलेलं होतं.

हे शिबिर म्हणजे फादर लोकांच्या कॉलेजात नववी-दहावीच्या मुलांसाठी भरलेलं दहा दिवसांचं विज्ञान शिबिर. देविकाचे बाबा एअरफोर्समध्ये, घर बख्शी का तालाबला. निनादचे बाबा रेल्वेत इंजिनियर, घर विकास नगरात. सोमवारी पहिल्याच दिवशी दोघांना शोध लागला की आपण मराठी आहोत, म्हणजे आपल्याकडे एक गुप्त भाषा आहे. ती गुप्त भाषा अर्धा तास टिकली. एक तर निनादला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर तो हिंदीत द्यायचा. दुसरं म्हणजे शिबिरप्रमुख पद्मा मॅडम मूळच्या नागपूरच्या निघाल्या.

देविका तशी चार दिवस गोंधळलेलीच होती. इथे सगळं घंटेवर चालायचं. सकाळी सहाला घंटा, प्रार्थनेला घंटा, दुपारी बाराला घंटा, संध्याकाळी सहाला घंटा. बाराची झाली की फादर टिग्गा चालता चालता मध्येच थांबून डोळे मिटायचे. पहिल्या दिवशी ती त्यांच्या पाठीवरच आदळली होती. चॅपेलमध्ये कधी उठायचं आणि कधी बसायचं, हे तिला अजून जमलं नव्हतं. शेजारची ॲलिस उठली की ती उठायची. एकदा ॲलिस नुसती ओढणी सारखी करायला उठली, तेव्हा ही एकटीच तिच्याबरोबर उभी राहिली आणि मागच्या दोन रांगा हसल्या. ॲलिसची आई इथल्याच मिशन दवाखान्यात नर्स होती आणि ॲलिस या आवारातच लहानाची मोठी झाली होती.

पाण्याचा गोंधळ मात्र सगळ्यांचाच होता. संध्याकाळी मॅडमनी मुलांना गोळा केलं. टाकी गळत नव्हती, नळ उघडे नव्हते. "कोणी काही पाहिलंय का?" त्यांनी विचारलं.

देविकाने हात वर केला. "मॅडम, मी सकाळी चॅपेलला जाताना पंपघरावरून गेले. मोटर बंद होती. सव्वासात नुकते होऊन गेले होते."

तिला वाटलं, आपण एक निरीक्षण सांगतोय. शिबिर विज्ञानाचं होतं ना! पण मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी तिथेच जयसिंगला बोलावलं. जयसिंग म्हणजे पंपवाले काका. साठीला आलेले, खांद्यावर गमछा, सव्वीस वर्षं याच आवारात.

"मोटर दो घंटे चलनी चाहिए न?"

"चलती है, मैडम. पूरे टाइम चलाते हैं."

"इस बच्ची ने अपनी आँखों से बंद देखी है."

जयसिंगनी देविकाकडे पाहिलं. रागाने नाही. काहीच कळत नसल्यासारखं पाहिलं. "पूरे टाइम चलाते हैं," ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा हळू.

मॅडमनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कामचुकार माणूस नको, शनिवारी चार वाजता कंत्राटदाराचा माणूस येईल, तो पंप बघेल. जयसिंगना पंपघरामागची आपली राहती खोली रिकामी करावी लागणार होती.

देविकाला जेवण गेलं नाही. "मी खरं तेच सांगितलं," ती म्हणाली, "आणि तेही खोटं बोलत नव्हते. दोन्ही कसं असेल?"

"एक तो झूठ होगा," निनाद म्हणाला.

"मग माझं असेल. मला नीट पाहायला हवं होतं. माझ्यामुळे जातायत ते."

"पापा कहते हैं, गाड़ी लेट हो तो पहले टाइम लिखो, फिर चिल्लाओ." निनादने घड्याळावर टिचकी मारली. "कल सुबह चलते हैं. लिखेंगे."

शुक्रवारी सकाळी ॲलिसलाही बरोबर घेऊन तिघं पंपघराच्या भिंतीमागे बसली. सहाची घंटा झाली, जयसिंगनी बटण दाबलं, मोटर घुरघुरली. निनादने वहीत लिहिलं, सहा. पुढे काहीच घडेना. जयसिंगनी दारासमोर झाडलं. बादलीत भिजवलेला पालक धुतला. एक डास ॲलिसच्या नाकावर बसला, तरी तिने हूं की चूं केलं नाही.

मग चॅपेलकडून घंटा वाजली. जयसिंग उठले, डोक्याला गुंडाळलेला गमछा काढला, हात जोडले, मिनिटभर तसेच उभे राहिले. आणि शांतपणे आत जाऊन त्यांनी मोटर बंद केली.

"सात पंद्रह," निनाद कुजबुजला. "दो घंटे में पैंतालीस मिनट कम. पकड़े गए."

देविकाला हुरूप यायला हवा होता, पण तिचा गोंधळ आणखी वाढला. चोरून काम टाळणारा माणूस इकडेतिकडे बघतो. हे तर हात जोडून, पूर्ण झाल्यासारखी मोटर बंद करत होते!

"ॲलिस, ते तुमच्या धर्माचे आहेत?"

"नहीं तो. पर अंकल हर घंटी पर ऐसे ही खड़े होते हैं. मैं छोटी थी तब से." ॲलिस उठून कपडे झटकू लागली. "चलो, प्रेयर को देर हो रही है. मुझे तो अब भी आदत नहीं हुई. पूरी ज़िंदगी आठ बजे की प्रेयर, और कैंप के लिए सवा सात."

देविका उभी राहता राहता पुन्हा खाली बसली.

"म्हणजे ही घंटा एरवी आठला वाजते?"

"हाँ. कैंप का नाश्ता जल्दी है न, इसलिए."

"आणि हे जयसिंगकाकांना कोणी सांगितलं?"

वेळापत्रक इंग्रजीत छापून नोटिसबोर्डावर लावलेलं होतं आणि नोटिसबोर्ड होता ग्रंथालयाच्या दारात. प्रार्थनेची वेळ बदलली तर पंपवाल्याला कळवायचं, हे कोणाच्या डोक्यात येणार? आणि सव्वीस वर्षं पहिल्या घंटेला मोटर लावून दुसरीला बंद करणाऱ्या माणसाने घड्याळ कशाला बघायचं?

तिघं धावत मॅडमकडे गेली. मॅडम एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने नाश्त्याच्या केळ्यांची विल्हेवाट लावत होत्या.

"घंटेचा आणि पंपाचा काय संबंध, देविका? जा, प्रार्थना सुरू झाली."

"मॅडम, पण..."

"जा म्हटलं ना."

"अंकल को ही बता देते हैं," बाहेर आल्यावर ॲलिस म्हणाली. "कल आठ तक चला लेंगे."

देविकाने मान हलवली. "मग मॅडम म्हणतील, धमकी दिल्यावर सुधारला. उलट तेच खोटे ठरतील. काकांना काही माहीत नसताना टाकी भरली पाहिजे."

निनाद एकदम थांबला. "कल घंटी की ड्यूटी किसकी है?"

शिबिरात रोज एका गटाकडे एक काम असायचं. ताटं मांडणं, वर्ग झाडणं, घंटा वाजवणं. शनिवारची घंटा त्यांच्याच गटाची होती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ॲलिसने छातीवर क्रूसाची खूण केली.

शनिवारी सहाची घंटा वेळेवर झाली. सव्वासात वाजले. तिघं चॅपेलच्या मनोऱ्यात उभी होती; देविकाने घंटेची दोरी धरली होती, ती नुसतीच धरून ठेवली. साडेसात झाले. खाली मुलं अंगणात रेंगाळत होती, प्रार्थना आहे की नाही हे कोणालाच कळेना. कोणी चॅपेलकडे गेलं, कोणी परत आलं. पावणेआठला मॅडमची हाक ऐकू आली. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा देविकाने दोरी आणखी घट्ट धरली. आता घरी पाठवणार, बाबांना फोन जाणार, आणि एवढं करून आपला अंदाज चुकला असेल तर?

"यह क्या चल रहा है?" वर आले ते फादर टिग्गा होते, धापा टाकत.

"फादर, पंधरा मिनिटं द्या," देविका म्हणाली. घाईत मराठीतच. मग हिंदीत सगळं सांगितलं. मोटर, गमछा, सव्वीस वर्षं, सव्वासात. फादर ऐकता ऐकता भिंतीला टेकले.

"टाइम तो मैंने ही बदला था," ते म्हणाले. मग त्यांनी निनादचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. बरोबर आठला त्यांनीच मान डोलावली. देविकाने दोरी ओढली.

मॅडम दिवसभर तिघांशी बोलल्या नाहीत. उपमा गार झाला होता, पहिलं व्याख्यान बुडालं होतं. फादरनी "शाम को बात करेंगे" एवढंच म्हणून त्यांना थोपवलं होतं. तीन वाजता अख्खं शिबिर नळांभोवती जमलं. निनादने मुद्दाम डोक्याला शाम्पू लावला.

तीन वाजून चार मिनिटं झाली. पाणी होतं. साडेतीनला होतं. चार वाजता कंत्राटदाराचा माणूस फाटकातून आत आला, तेव्हाही नळ धो धो वाहत होता आणि निनाद तिसऱ्यांदा केस धूत होता.

मग फादर बोलले. "ग्यारह साल से यह घंटी मेरे ज़िम्मे है. मैं समझता था, बस प्रार्थना के लिए बजती है. इन बच्चों ने बताया कि इसे सुनकर और कौन-कौन काम करता है." ते मॅडमकडे वळले. "ग़लती मेरी थी, पद्माजी. बता देना चाहिए था."

मॅडमनी निनादची वही दोनदा वाचली. कंत्राटदाराच्या माणसाला सरबत देऊन परत पाठवलं. "मी ऐकून घेतलं नाही," त्या तिघांना म्हणाल्या. "निरीक्षण कसं करायचं हे तुम्हाला शिकवायला मी शिबिर भरवलं, आणि ते तुम्ही मला शिकवलंत. शाब्बास." मग त्या स्वतः पंपघराकडे निघाल्या. सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागितली.

जयसिंगना हे सगळं पचायला वेळ लागला. "तभी," ते शेवटी म्हणाले. "हमें भी लगता था, आजकल सुबह छोटी हो गई है."

खोलीच्या दारात त्यांची बांधलेली वळकटी आणि एक पत्र्याची पेटी होती. गर्दी पांगली तरी देविका तिथेच उभी होती. दोन दिवस तिने मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"काका, मैंने सबके सामने बोल दिया था..."

"झूठ थोड़े बोला था, बिटिया. मोटर तो बंद ही थी."

तेव्हा मात्र तिला रडू आलं, आणि ते नेमकं कशाचं होतं हे तिला कळलं नाही. जयसिंगनी गमछ्याचं टोक तिच्यापुढे केलं. तिने डोळे पुसले, पेटीची एक कडी धरली, दुसरी त्यांनी धरली, आणि दोघांनी मिळून ती पेटी उचलून पुन्हा आत नेऊन ठेवली.