गळ्याच्या वरचं माप

दिवा राहू दे तसाच. आणि मधे मधे हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझा एक मित्र मोबाईल दुरुस्त करायचा. हातात कायम चिमटा, म्हणून आम्ही त्याला चिमट्याच म्हणायचो. कामात पक्का. लोक पाण्यात पडलेला फोन आधी तांदळाच्या डब्यात पुरायचे आणि मग त्याच्याकडे आणायचे. तो म्हणायचा, "फोन तर वाळला नाही, तांदळाला रेंज येते का बघा."

एके दुपारी एक बाई आली. शिवणकाम करणारी. गळ्यात टेप तशीच लटकत होती. फडक्यात गुंडाळलेला फोन तिने काउंटरवर ठेवला.

"पोरीचा आहे. कालव्यात... तिच्या खिशातच होता."

चिमट्याने हातातला चिमटा खाली ठेवला. कालव्यावर पाय घसरून गेलेल्या त्या पोरीची बातमी सगळ्यांना ठाऊक होती. एकोणीस वर्षांची होती.

"मला तो वापरायचा नाही हो," बाई म्हणाली. "मला लिहिता येत नाही. मी मापं घ्यायचे, ती फोनमध्ये बोलून ठेवायची. तिचा आवाज तेवढा काढून द्या, दादा."

"बघतो, ताई."

आणि त्याने केलंही, खोटं कशाला बोलू? फोन उघडला तर आत गाळ. बोर्ड स्पिरिटने धुतला, ब्रशने हिरवा गंज काढला, दोन दिवस सुकवला. नवी बॅटरी जोडली. फोन सुरू झाला! पोरीचा आवाज सापडला. "आई, मास्तरांचा सदरा. छाती अडतीस, बाही चोवीस. आणि ऊठ आता, जेवून घे."

इथवर सगळं ठीक होतं.

त्याच संध्याकाळी त्याच्या हातून एका कंत्राटदाराच्या फोनचा डिस्प्ले तडकला. हा कंत्राटदार तोंडापेक्षा हाताने जास्त बोलणारा. फोन न्यायला निघालाय म्हणून निरोपही आला. पोरीचा फोन नेमका त्याच मॉडेलचा. चिमट्याने तिचा डिस्प्ले काढला आणि कंत्राटदाराच्या फोनला बसवला.

नवा डिस्प्ले यायला आठ दिवस. तोवर बाई रोज येणार, रोज विचारणार. त्यापेक्षा एकदाच काय ते सांगून मोकळं व्हावं, असं त्याने ठरवलं.

"गेला, ताई. आत काहीच उरलं नाही."

बाई रडली नाही. "मग ठेवा इथेच. घरी बघवायचा नाही," एवढंच म्हणाली. फडक्याची घडी करून गेली. बोर्ड भंगाराच्या डब्यात पडला.

आता ती रात्र. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. पावणेबारा वाजले होते. राहिलेली कामं उरकायला चिमट्या शटर ओढून आत एकटाच बसला होता.

भंगाराच्या डब्यातून आवाज आला.

"नवीन गिऱ्हाईक. मोबाईलवाला."

त्याने डबा उपडा केला. तोच बोर्ड. ना बॅटरी, ना स्पीकर...

"पॅन्टची मोहरी पंधरा."

पावलं गार पडली. खाली बघतो तर पाणी. गढूळ. घोट्यापर्यंत.

"गुडघा अठरा."

पाणी गुडघ्याला लागलं. तो शटरकडे धावला. शटर हलेना. खालच्या फटीतून एक थेंब बाहेर जाईना.

"कंबर चौतीस."

तो ओरडला. रस्त्यावर कोणी थांबलं नाही.

"छाती अडतीस."

"देतो! उद्या सकाळी नेऊन देतो तुझ्या आईला!"

पाणी छातीशी थांबलं.

"उद्या नाही."



"गळा साडेपंधरा."

हनुवटीला पाणी. शेवाळाचा वास. त्याने टाचा उचलल्या. तोंड वर केलं. आणि अगदी कानाशी, हळूच...

"गळ्याच्या वरची मापं आई घेत नाही. मी घेते."

पाणी ओठांवर आलं.

"आत्ता! आत्ता जातो! मी खोटं बोललो..."

पाणी नाही. काहीच नाही. फरशी कोरडी. कपडे कोरडे. टेबलावरचा कागदसुद्धा भिजलेला नाही.

त्याने बोर्ड जोडला, बॅटरी लावली. वर कंत्राटदाराचाच तडकलेला डिस्प्ले बसवला. भेगा होत्या, पण दिसत होतं. हे तर त्या दिवशीही जमलं असतं, पोरांनो. जमलं असतं.

एक वाजता तो बाईच्या दारात उभा होता. आत दिवा. बाई मशीनवर बसलेली. त्याने फोन सुरू करून पुढे धरला. पोर बोलत राहिली, सदरे, बाह्या, कंबरा, जेवून घे. बाईने सगळं ऐकलं. मग मान वर केली.

"त्या दिवशी मला काय सांगितलंस?"

"ताई, मी..."

"मोठ्याने सांग. तिलाही ऐकू दे."

त्याने सांगितलं. सगळं. बाईने फोन छातीशी धरला आणि दार लावून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

चिमट्याने दुकान बंद केलं. आता एका गोदामात माल मोजतो. परवा भेटला, उन्हात तळवे पसरून बसला होता. मी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. तासन्‌तास पाण्यात राहिल्यावर होतात ना, तशी दहाही बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. दोन वर्षं झाली. डॉक्टर झाले, मलमं झाली.

कुठलाच फोन त्याचं बोट ओळखत नाही.