सातव्या टेबलावरचे आगंतुक

मादियारला झोप लागली तेव्हा तो कँटीनच्या रांगेत उभा होता. डोकं पुढच्या खांद्यावर टेकलं. बऱ्याच वेळाने खांदा बोलला, "घाई नाही... पण चहा घ्यायची पाळी माझी आलीय. हलू का?"

खांदा तोगझानचा होता. ती त्याच दिवशी मादियारच्या मदतीला म्हणून रुजू झाली होती. हे दोघांना कळलं, तेव्हा तिच्या स्वेटरवर त्याच्या कानाचा ठसा उमटलेला होता.

काम होतं लग्नाच्या मेजवानीत कोणाला कुठे बसवायचं ते ठरवणाऱ्या अ‍ॅपचं. अल्माटीत लग्न एक वेळ नवरीवाचून पार पडेल, पण व्याही चुकीच्या टेबलावर बसले तर नाही. आणि मादियारने नवऱ्याच्या काकांना कितीही हलवलं, तरी स्क्रीनवर काका खिडकीपाशीच.

"जुन्याच आराखड्यात खाडाखोड करतोयस," तोगझान म्हणाली. "स्क्रीन आत डोकावत नाही रे. आराखडा तोच दिसला, की ती म्हणते काही बदललंच नाही. जुन्याला हात लावू नकोस. त्याची प्रत काढ, प्रतीत बदल कर, आणि ती प्रत तिच्यापुढे ठेव."

"आणि जुनं?"

"तसंच राहतं. पस्तावलास तर परत जाता येतं."

"आयुष्यात का नाही असं करत कोणी?"

"प्रती ठेवायला जागा नसते. हा तळलेला बौरसाक खा, डोळे मिटतायत तुझे."

काका हलले. नवे काका आले, नव्या आत्या आल्या. जर्दाळूच्या पाकळ्या पावसात भिजून खिडकीला चिकटल्या. प्रेमात पडायचंही त्राण नव्हतं, म्हणून दोघं अर्धवट पडली.

"तुझे केस आज..."

"काय?"

"विसरलो."

मग एका दुपारी ती म्हणाली, "ताश्कंदहून नोकरीचं बोलावणं आलंय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"अरे वा," मादियार म्हणाला, आणि त्याला टेबलाखाली जाऊन राहावंसं वाटलं.

त्याने शनिवारच्या लग्नाचा आराखडा उघडला, प्रत काढली आणि सातव्या टेबलावर दोन नावं घातली. लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"ही प्रत आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "मूळ आराखडा तसाच आहे. तुला — म्हणजे नको असेल — तर मागे जा. काही झालंच नाही असं समजू."

तिने मागे जायचं बटण दाबलं. मादियार आणि तोगझान शेजारी शेजारी. पुन्हा दाबलं. तिथंच.

"प्रत वरवरची काढलीस," ती हळूच म्हणाली. "आराखडा नवा, पण आतलं टेबल जुनंच. दोन्हीकडे तेच एक. आपण खऱ्या लग्नात जाऊन बसलोय. हे नवरीच्या आईच्या फोनवर दिसतं, मादियार!"

"पण तू... मागे का गेलीस?"

"बघत होते, तू खरंच मागची वाट ठेवलीयस का."

"आणि?"

"नाहीये. बरं झालं."

तेवढ्यात फोन वाजला. नवरीच्या आई, कुल्याश आपा. आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू गेला.

"ही सातव्या टेबलावरची दोघं कोण रे? मुलाकडची की आमच्याकडची? मांसाचे तुकडे पाहुण्याचा मान बघून वाढायचे असतात!"

मादियारने माफी मागायला तोंड उघडलं. तोगझानने त्याच्या हातातून फोन घेतला.

"आपा, अजून कोणाकडचीच नाही. पण येऊ जोडीनंच."

मग तिने ताश्कंदला दोन ओळी लिहिल्या. शनिवारी लग्न आहे, त्यामुळे येता येणार नाही. कोणाचं, ते लिहिलं नाही.