लेथ मी निवडणार

प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं देत होता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला!

त्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं. नाशिकला, सातपूरच्या त्या मशिनरीच्या दुकानात तो मोटारीचा पट्टा घ्यायला आला होता. पण एक मुलगा, एक मुलगी, शेजारी शेजारी... झालं, दुकानदाराने मनातल्या मनात आमचं लग्नच लावून टाकलं.

"साहेब, मॅडमना हौस आहे तर हा छोटा लेथ घेऊन द्या. टेबलावर मावतो."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने म्हणावं, 'मी यांच्याबरोबर नाही.' हा म्हणाला, "नको, लय हलकाय. थरथरेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही कोण हो?"

"रुद्र. ओझरला असतो, फॅक्टरीत. लेथवरच काम करतो." आणि हसला. एकाच गालाने. ते हसू मला अजिबात आवडलं नाही. म्हणजे... आवडलं, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.

"मी गोदावरी. शाळेत चित्रकला शिकवते. मला लेथवर लाकूड फिरवून, कातून वाडगे करायला शिकायचंय. आणि माझा लेथ मीच निवडणार!"

तुम्हाला वाटेल, एवढं काय चिडायचं? माझं कॉलेज बाबांनी निवडलं, विषय काकांनी, गाडीचा रंग आईने. स्थळंही आता तेच बघत होते. सगळ्यांचं प्रेमच हो माझ्यावर! पण एवढी एक गोष्ट मला स्वतःच्या डोक्याने घ्यायची होती. त्यातही कोणी ढवळाढवळ केली, तर मी आयुष्यात काही ठरवणार तरी कधी?

दुकानदाराने तो लेथ चालू करून दाखवला. टेबलावरचा चहाचा कप थरथरत कडेपर्यंत चालत गेला. रुद्र चकार शब्द बोलला नाही, नुसता कपाकडे बघत राहिला. तो बोलला असता ना, तर मी हट्टाने तोच लेथ घेतला असता!

मग रविवार लेथ शोधण्यात जायला लागले. त्या दिवशी निघताना रुद्रने माझा नंबर मागून घेतला होता; तो बरोबर यायचा. मी बोलावलं नव्हतं. नकोही म्हटलं नव्हतं.

"सुटीच्या दिवशी तुम्हाला दुसरं काम नसतं?"

"होतं ना. सोडलं."

"का?"

"तुमची भांडणं ऐकायला मजा येते."

अंबडला एका सुताराच्या शेडमध्ये मी लाकडाचा लेथ चालताना बघत होते. बारीक भुसा उडत होता. रुद्रने हळूच माझ्या भुवईवरचा भुसा टिपला आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात हात खिशात घातला. परतताना रिमझिम सुरू झाली. आम्ही दोघंही जरा जास्तच सावकाश चाललो.

आणि मग त्याने माती खाल्ली.

एका शनिवारी दारात टेम्पो उभा. टेम्पोत हिरवा, हत्तीएवढा लेथ. लोखंड कापायचा! शेजारी रुद्र, ऐटीत. "ओळखीच्या वर्कशॉपमधून काढून घेतला. सरप्राइज!"

नाशिकमध्ये हे असंच. घरटी एक माणूस कंपनीत. लेथ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लोखंडाचाच येतो. बाबा तर खूश. "मुलगा कामाचा आहे हं!"

"परत घेऊन जा," मी म्हणाले.

"अहो, हा लोखंड कापतो. लाकडाचं काय घेऊन बसलात?"

"पटाशी कुठे धरायची यावर?"

"धरायची कशाला? हत्यार इथे घट्ट बसवायचं, हे चाक फिरवायचं. हात लावावाच लागत नाही."

"पण मला हातच लावायचाय! लाकडाच्या लेथवर पटाशी हातात धरतात, टेकूवर ठेवून. लाकूड कुठे मऊ आहे, कुठे अडतंय, ते बोटांना कळतं. म्हणून तर शिकायचंय मला. तू विचारलंस का मला? एकदा तरी?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही मला कळलं नाही. गॅलऱ्यांमधून सगळी सोसायटी बघत होती.

त्याचा चेहरा पडला. "नाही विचारलं," तो हळूच म्हणाला.

"सगळे आणूनच देतात. उद्या नवराही असाच टेम्पोत घालून आणतील!"

तो मागे लेथजवळ जाऊन बसला. टेम्पो वळला आणि मला रडूच फुटलं. लेथ नको होता, पण तो हवा होता. आणि दोघंही एकाच टेम्पोतून चालले होते.

त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही; चुकलं होतं त्याचं! मी एकटीने दुकानं पालथी घातली. शेवटी मिळाला. मध्यम आकाराचा, बिडाच्या जड बैठकीचा, वेग अगदी कमी करता येणारा. नवशिक्याला तेच हवं. चालू करून त्यावर तळवा ठेवला. थरथर नाही. कोणालाही न विचारता म्हणाले, "हाच."

मग मात्र फोन केला. "लेथ घेतलाय. बघायला ये. मत द्यायला नको, बघायला."

आला. आमच्या गॅरेजमध्ये लेथभोवती फिरला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण ओठ घट्ट मिटून उभा राहिला.

"बोल की!"

"विचारलंस तर बोलेन."

"विचारलं."

"पायाचे बोल्ट अजून थोडे आवळायला हवेत." पाना उचलला आणि माझ्या हातात दिला.

मी बोल्ट आवळले. सगळे. मग घाम पुसत, त्याच रागात म्हणाले, "आणि ऐक. तुलाही मीच निवडलंय. बाबांना आजच सांगणार आहे."

रुद्र एकाच गालाने हसला. "गोदा... मला विचारलंस का?"

कान तापले. पाना हातातून सुटून पायावर पडता पडता राहिला.

"विचारते..." मी कशीबशी म्हणाले. "आवडेल... तुला?"

"विचार करायला जरा वेळ—"

"अजिबात नाही!"

"मग हो," तो म्हणाला. "आधीपासूनच हो."

माझे डोळे भरून आले. आणि त्याचाही मला रागच आला.