सात नंबरच्या टेबलावरच्या बाई

हॉलमध्ये कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, आणि का ते विचारायचं नाही.

शरीररचनेच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी थोंगदी काकांनी हा नियम सांगितला. काका तीस वर्षं हॉलची देखभाल करत होते. विचारायचं नाही म्हटल्यावर रिंझिनला राहवेना.

"पण का, काका?"

"हजारांवर मुलं गेली माझ्या डोळ्यांदेखत. कुणी विचारलं नाही."

"म्हणूनच कुणाला कळलं नसेल."

शेजारी उभ्या मुक नावाच्या मैत्रिणीनं तिला चिमटा काढला. "चिमणे, गप्प बस ना. मोठी माणसं आहेत."

इथं सगळे तिला चिमणीच म्हणत. भूतानहून शिष्यवृत्तीवर डॉक्टर व्हायला आलेल्या या मुलीचं खरं नाव थाई जिभेवर बसत नव्हतं.

हॉलमध्ये टेबलांवर मृतदेह होते, पण तो शब्द तिथं कुणी उच्चारत नसे. ज्यांनी आपलं शरीर शिकायला दिलं ते मोठे गुरुजी. सुरी हातात घ्यायच्या आधी हात जोडून त्यांची परवानगी मागायची, तास संपला की चुकलंमाकलं म्हणून क्षमा मागायची. सात नंबरच्या टेबलावर सायथोंग बाई होत्या. चौतीस वर्षं त्यांनी खेड्यातल्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. आता या टेबलावर शिकणारी मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत.

पहिल्या परीक्षेत रिंझिन नापास झाली. वर्षभर थाई शिकली होती तरी वर्गात शिकवणारे आचार्य विरोत भराभर बोलू लागले की अर्धं डोक्यावरून जाई. सोमवारी फेरपरीक्षा होती. तीही गेली असती तर शिष्यवृत्ती बंद, आणि सामान बांधून घरी.

शनिवारी दुपारी ती एकटीच हॉलवर गेली. काकांनी दार उघडून दिलं आणि ते मागे फुलांचे हार आणायला गेले. बाहेर ऊन होतं, आत पंखे घरघरत होते. औषधाचा उग्र वास आणि त्यात कालच्या मोगऱ्याचा शिळा गोडवा. तिनं मोठ्या बाईंना हात जोडले, चेहऱ्यावरचं ओलं फडकं तसंच राहू दिलं आणि दंडातल्या नसा शोधू लागली. एक सापडेना. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. डोळे भरून आले.

पंख्यांची घरघर थांबली.

वीज गेली असेल, असं तिला वाटलं. पण डोक्यावरचे दिवे चालूच होते. पाती हळूहळू मंद होत गेली आणि मग इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. आपलाच... की आणखी कुणाचा?

"रिंझिन."

अगदी स्पष्ट. आई घेते तसं नाव. इथं ते कुणालाच धड घेता येत नव्हतं.

तिला काकांचा नियम आठवला. पण लहानपणापासूनची सवय त्याहून जुनी होती. बाईंनी हजेरी घ्यावी आणि मुलीनं तोंड मिटून बसावं, हे तिला कधी जमलंच नव्हतं.

"हजर, बाई," ती म्हणाली.

फडकं तोंडापाशी किंचित आत ओढलं गेलं. मग पुन्हा सैल झालं.

"घाई करतेस... स्नायूच्या खाली बघ."

तिनं चिमट्यानं स्नायू अलगद उचलला. नस तिथंच होती, पांढऱ्या दोऱ्यासारखी. तिच्या ध्यानात आलं की आपल्याला नुसती भीती वाटत नाहीये. या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला समजेल अशा संथपणे शिकवत होतं.

दारात हारांची परडी खाली पडली. थोंगदी काका उभे होते, ओठ पांढरे पडलेले.

"ओ दिलीस?"

"बाईंनी हाक मारली, काका."

काका खाली वाकले. मोगरा वेचत राहिले.

ती पास झाली. त्यानंतरच्या तिन्ही परीक्षांतही. प्रत्येक परीक्षेआधी एकदा पंखे थांबत, नाव येई, आणि ती हजर म्हणे. मुकला तिनं एकदा सांगून पाहिलं. मुक म्हणाली, "माझ्या टेबलावरच्या गुरुजींना सांग ना, मलाही जरा मदत करा म्हणावं." पण त्या दिवसापासून मुक हॉलमध्ये एकटी थांबेनाशी झाली.

मार्चमध्ये, वर्ग संपल्यावर, हॉलमधल्या गुरुजींचे अंत्यसंस्कार ठरले. शेतं जाळल्याचा धूर शहरावर बसला होता. विहाराच्या आवारात शवपेट्या मांडल्या होत्या, त्यांच्या बाजूला भिक्खू. बाईंच्या पेटीला बांधलेला, मंत्रांचं पुण्य मृतापर्यंत नेणारा पांढरा दोरा फरशीवरून भिक्खूंच्या आसनांपर्यंत आला होता. आचार्य विरोतांनी रिंझिनला दोऱ्याच्या टोकापाशी बोलावलं. काका आणि बाईंची धाकटी बहीण सायबुआ मावशी तिथं आधीच बसले होते.

"टेबल रिकामं होऊन पाच दिवस झाले, पोरी," काका हळूच म्हणाले. "मी सकाळी झाडायला जातो तर... हजेरी चालूच असते. बाई तुझं नाव घेतात. मग थांबतात."

"ओ देऊन तू बांधून ठेवलंस तिला," मावशी म्हणाल्या. "माझी ताई आहे ती. सोड तिला."

आचार्यांनी कात्री पुढे केली. "सोपं आहे. तीनदा म्हणायचं, मी तुमची विद्यार्थिनी नाही, तुम्ही माझ्या कुणी नाही. मग दोरा कापायचा. मोठ्यांचं ऐक."

रिंझिननं कात्री घेतली नाही.

"पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, सर, की या आमच्या गुरू आहेत. वर्षभर आम्हाला वाकायला लावलंत. आता त्यांनी खरंच शिकवलं तर तुम्ही घाबरलात?"

"चिमणे, हळू," काका पुटपुटले.

"माझं नाव रिंझिन आहे. त्यांना येत होतं ते." ती मावशींकडे वळली. "मावशी, तुमच्या ताईंनी जावं. सुखानं जावं. मी रोज त्यांच्यासाठी दिवा लावीन, त्यांच्यामुळे शिकले म्हणून जन्मभर सांगेन. पण त्या माझ्या कुणी नाहीत, हे मी म्हणणार नाही. एकदाही नाही."

आचार्य रागानं काहीतरी बोलायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. मावशींची जपमाळ थांबली. काका हात जोडून गुडघ्यांवर आले. तिघांची नजर रिंझिनच्या पायांपाशी.

तिथं पडलेलं दोऱ्याचं मोकळं टोक अजून कुणी हातात घेतलं नव्हतं. फरशीवर सैल पडलेला तो पांढरा दोरा पेटीच्या बाजूनं, सावकाश, ताठ होत तिच्याकडे येत होता.