शून्य शेषाची ओळ

शिरपूरहून आलेल्या त्या पत्राला तन्मय उकिडवे यांनी कधी उत्तर दिले नव्हते. पत्र शाईने, कागदावर लिहिलेले होते. त्या काळी कागदी पत्र इतके दुर्मीळ झाले होते की अंबाजोगाईच्या पोस्टमनने ते हातात देताना घरी सगळे ठीक आहे ना, अशी चौकशी केली होती. उकिडव्यांनी ते दोनदा वाचले आणि जाड शब्दकोशात ठेवून दिले. त्यालाही आता बराच काळ लोटला होता.

पत्र हर्षदा गिरासे नावाच्या बाईंचे होते. त्यांचे यजमान साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांची स्मृती हळूहळू गेली. हर्षदाबाई रोज संध्याकाळी त्यांना गोंदाईची पदे वाचून दाखवत. आता ते बायकोचे नावही विसरले होते, पण त्या पदांतली एक ओळ दिवसभर म्हणत, आणि तीही बाईंच्या तोंडाकडे बघून : ‘दोर माझ्या हाती, विहीर कोणा हाती.’ शेवटी बाईंनी लिहिले होते, ‘तुमच्या टीकेत या ओळीखाली एवढेच आहे की अर्थ उघड आहे. मला तो उघड नाही. हे मला काही सांगत असतील तर ते कळावे, एवढीच इच्छा आहे.’

गोंदाईबद्दल कोणालाच फारसे ठाऊक नव्हते. ती कधीकाळी गावाला पाणी शेंदून देई आणि शेंदताना पदे म्हणे, इतकेच. उकिडव्यांनी त्या पदांवर तीन खंडांची टीका लिहिली होती आणि त्यात त्यांचे उमेदीचे आयुष्य गेले होते. ‘अर्थ उघड आहे’ ही टीकाकारांची जुनी सोय असते. सोप्या ओळीखाली पानभर लिहायचे आणि आपण जिथे अडतो तिथे हे तीन शब्द टाकून पुढे सरकायचे. वाचक स्वतःलाच मंद समजतो आणि विचारत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात ते शब्द दिसले की टीकाकार गालात हसतात. उकिडव्यांनी तीन खंडांत ते एकाच ठिकाणी वापरले होते, आणि या बाईंनी नेमके तिथेच बोट ठेवले होते. आपल्याला ओळ कळलीच नाही, हे अशा अडचणीतल्या बाईला कसे लिहायचे, ते त्यांना सुचेना.

त्या वर्षांत सगळीकडे शेषाचा बोलबाला होता. कल्पना साधी आहे. वाचताना मेंदू पुढे काय येणार, त्याचा अर्थ काय, याचा सतत अंदाज बांधत असतो. अंदाज आणि प्रत्यक्ष मजकूर यांत जे अंतर उरते त्याला शेष म्हणत. कपाळाला बांधायचा एक मऊ पट्टा, म्हणजे शेषमापी, तो आकडा दाखवी. बसचे वेळापत्रक दुसऱ्या वाचनात शून्यावर येई. भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक आठवडाभरात येई. कवितेचा शेष मात्र कमी होत होत एका जागी अडे आणि तिथून हलत नसे, मग वाचणारा विद्यार्थी असो की विद्यापीठातला विभागप्रमुख. माणसाच्या ज्ञानाला साहित्यात जिथे भिंत लागते, तिचे माप पहिल्यांदाच हाती आले होते. गंमत म्हणजे त्यामुळे पुस्तकांचा मान वाढला. लोक ‘वाचलंस का’ असे विचारण्याऐवजी ‘कितीवर अडलास’ असे विचारू लागले आणि मोठा आकडा सांगताना कोणाला लाज वाटेनाशी झाली. आपल्याला किती कळत नाही, हे इतक्या नम्रपणे दाखवणारे दुसरे यंत्र माणसाने क्वचितच बनवले असेल.

डॉ. शाल्मली वाघचौरे मेंदूविज्ञानाच्या संशोधक होत्या. टीकाकारांचे शेष मोजत त्या गावोगाव फिरत होत्या. त्या अंबाजोगाईला येणार हे कळल्यापासून उकिडव्यांची झोप उडाली होती.

“डॉक्टर, या वयात माझं दुकान बंद करायला आलात का?” त्यांनी चहाचा कप पुढे करत विचारले.

“सर, परवा एका टीकाकारांनी पट्टा बांधल्याबरोबर चहाची आठवण काढली आणि जे आत गेले ते बाहेरच येईनात,” शाल्मली म्हणाल्या. “तुम्ही चहा आधीच केलात. म्हणजे पळायचा विचार दिसत नाही.”

उकिडवे हसले आणि त्यांनी कपाळ पुढे केले. त्यांनी आपलाच पहिला खंड उघडला. भिंतीवर आलेखाची रेघ उमटू लागली. ज्या ओळींवर त्यांनी पानेच्या पाने लिहिली होती, तिथे शेष नऊ, अकरा, एके ठिकाणी तर सतरा. त्यांनी मान खाली घातली. त्यांना आयुष्यभर जी भीती होती ती आता भिंतीवर दिसत होती. दुसऱ्या खंडाच्या मध्याजवळ त्यांनी ‘दोर माझ्या हाती’ वाचले आणि रेघ एकदम खाली जाऊन आडवी झाली.

“बंद पडलं वाटतं,” उकिडवे म्हणाले.

शाल्मलींनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. त्यांना ती ओळ परत वाचायला लावली, मग दुसरी, मग परत तीच. रेघ पुन्हा तळाला टेकली. शाल्मली खुर्चीवर बसल्या.

“ही ओळ मी चार हजार लोकांना वाचायला दिली आहे,” त्या म्हणाल्या. “दहाच्या खाली कोणी आलं नाही. सर, हे शून्यवाचन आहे. या ओळीत तुमच्यासाठी काहीही उरलेलं नाही. तुम्हाला ती पूर्ण कळलेली आहे.”

“अहो, तिथे मी अडलो होतो. म्हणून तर ‘अर्थ उघड आहे’ लिहिलं.”

“खरंच उघड होता. म्हणून शब्द सुचले नाहीत.”

मग त्यांनी समजावून सांगितले. शून्यवाचक अत्यंत विरळ असतात, आणि आजवर सापडले ते दुसऱ्याच ओळींवर. त्यांतल्या ज्यांनी आपल्याला काय कळले ते सांगितले, त्या प्रत्येकाचा शेष नंतर वर चढला होता. शब्दांत मांडले की मेंदू मूळ अनुभवावर ते शब्द बसवतो, आणि पुढच्या वेळी थेट आत न जाता त्या शब्दांपाशीच थांबतो. याला त्यांनी उच्चारक्षय असे नाव दिले होते. बोलल्याने होणारी झीज. उकिडव्यांनी इतर ओळींवर पाने भरली होती, म्हणून तिथे आकडे मोठे होते.

“झीज भरून येते का?”

“अजून कोणाची आली नाही.”

“आणि मला नेमकं काय कळलंय, हे तुमचं यंत्र सांगतं?”

“नाही. काही उरलं नाही, एवढंच त्याला दिसतं. काय होतं ते फक्त तुमच्यापाशी आहे. कृपा करून ते कोणाला सांगू नका. मला दर सहा महिन्यांनी येऊ द्या.”

उकिडव्यांनी पुस्तक मिटले. काय होते ते त्यांना आता आठवले होते, किंवा असे म्हणावे की ते विसरलेच नव्हते. त्यांनी उठून शब्दकोश उघडला आणि हर्षदाबाईंचे पत्र शाल्मलींच्या हातात दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले.

“मी उत्तर लिहिलं तर या बाईंना किती कळेल?” उकिडव्यांनी विचारले.

“त्यांचा शेष वीस असेल तर सतरा-अठरा होईल. शून्य कधीच नाही. ते शब्दांतून जात नाही.”

“म्हणजे माझं सगळं जाणार आणि त्यांना दोन-तीन मिळणार.”

“हो. शास्त्रज्ञ म्हणून विचाराल तर लिहू नका.”

“आणि एरवी?”

शाल्मलींनी पत्राची घडी घातली. “एरवी, ती माझी आई असती तर मी उत्तर मिळेपर्यंत तुमच्या दारात बसून राहिले असते.”

त्या गेल्यावर उकिडव्यांनी दोन दिवस काहीच केले नाही. त्यांनी ती ओळ मनात पुन्हा पुन्हा म्हटली आणि दर वेळी ते त्याच खोलीत जाऊन पोचले, जिथे त्यांची पत्नी गार्गी शेवटच्या दिवसांत होती. एरवी तिची आठवण म्हणजे फोटो आणि तारखा. या ओळीत मात्र ती अजून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद पुढे ओढला. पहिली दोन वाक्ये त्यांनी खोडली.

‘सौ. हर्षदाताई, स. न. वि. वि.

‘उत्तराला फार उशीर झाला. माझी पत्नी शेवटच्या आजारात बोलेनाशी झाली होती. मी तिचा हात धरून बसे. मांडीवर या टीकेची मुद्रिते तपासायला घेतलेली असत. हात माझ्या हातात होता आणि उबदार होता. त्या हातापलीकडे ती किती खोल गेली आहे, तिथे पाणी आहे की अंधार, हे मला समजायचा काही मार्ग नव्हता. पण मधूनच तिची बोटे माझी बोटे किंचित ओढत. गोंदाईही रोज असाच दोर धरून उभी राहत असेल. खालचे दिसत नाही, ते आपल्या हातीही नाही. ओढ लागते आहे, तेवढे कळते.

‘तुमचे यजमान तुमच्याकडे बघून ही ओळ म्हणतात. मला वाटते ते काही सांगत नाहीत, विचारत आहेत. त्यांच्या हाती दोर तेवढा उरला आहे आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे ते त्यांना हवे आहे. तुम्ही एकदा ‘माझ्या हाती’ असे उत्तर देऊन बघा. माझे चुकत असेल. मला खात्री कशाचीच नसते.’

सही करून त्यांनी पत्र वाचले. मग दुसरा खंड उघडून ती ओळ वाचली. सुंदर ओळ होती. दोर, हात, विहीर, सगळे स्वच्छ दिसले. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ‘कोणा हाती’पाशी ते थबकले. कोणा हाती? त्यांनी गार्गीचा हात आठवून पाहिला. तो उबदार होता, हे त्यांना माहीत होते. तो शब्द आता पत्रात लिहिलेला होता. ऊब मात्र आली नाही.

टेबलावर शाल्मलींनी ठेवून दिलेला पट्टा होता. त्यांनी तो बांधला नाही. पाकीट बंद करून, काठी घेऊन ते बाहेर पडले.

गावात एकच टपालपेटी उरली होती, जुन्या कचेरीच्या भिंतीला. तिच्यासमोर ते पाकीट धरून उभे राहिले. आता ते फाडून टाकले असते तरी काही परत येणार नव्हते. शिरपूरला मात्र आज संध्याकाळीही एक माणूस बायकोच्या तोंडाकडे बघून विचारणार होता. उकिडव्यांनी पाकीट आत सोडले. पेटी रिकामी असावी. ते तळाशी पडल्याचा आवाज त्यांनी कान देऊन ऐकला आणि मग घरी निघाले.