पुस्तकात नसलेलं लग्न

लिफ्ट बंद होती. पाच मजले चढायचे, तेही भिंगरीच्या शिकवणीला उशीर झालेला असताना... टीचरच्या नाकावर राग तसा बाराही महिने बसलेला, आज तो तिसऱ्या मजल्यावरच उतू गेला. लिफ्टच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते.

"अहो, झोपलात की काय आत?"

पाय हलले. मग ग्रीसने माखलेला एक चेहरा बाहेर आला आणि चक्क हसला. "झोपलो असतो, तर एवढ्या गोड आवाजाने उठलोच असतो!"

अर्ध्या तासाने तोच चेहरा, धुतलेला, भिंगरीच्या घरात उगवला. हा तिचा मामा, लिफ्ट दुरुस्त करणारा. भिंगरीची आई कामावरून उशिरा यायची, म्हणून भाचीला सांभाळायला तो काम आटोपून थेट इथेच येत असे.

भिंगरी आठ वर्षांची. पुस्तक दिसलं की घरभर गरगर फिरायची, पण वाचायची नाही. तिला खालच्या वर्गात बसवायचं का, हे शाळा सोमवारी वाचन घेऊन ठरवणार होती. धड्यांपुढे टीचरने हात टेकले आणि ग्रीक पुराणातल्या गोष्टींचं पुस्तक आणून तिच्याकडेच ठेवलं. केसांच्या जागी साप असलेली बाई दिसली मात्र, भिंगरी जागच्या जागी बसली! बघता बघता घडाघडा वाचायला लागली.

मामा रोज दारात रेंगाळायचा. "आज कोणाचं डोकं उडालं?"

"तुमचंच राहिलंय," टीचर म्हणायची. जिन्यात आपण त्याची हत्यारांची पिशवी शोधतो, हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

शुक्रवारी भिंगरी थीसियसची गोष्ट वाचत होती. अरिआद्नी त्याला दोऱ्याचा गुंडा देते, तो भूलभुलैयातल्या राक्षसाला मारून बाहेर येतो... टीचर डोळे मिटून ऐकत होती.

"मग थीसियसने अरिआद्नीशी लग्न केलं आणि दोघं सुखाने राहिली."

टीचरचे डोळे खाडकन उघडले. असं लग्न पुस्तकात नव्हतंच!

"कुठल्या ओळीत आहे हे?"

भिंगरीचं बोट पानावर भटकत राहिलं. "मामा आदल्या रात्री वाचून दाखवतो," ती पुटपुटली. "मग माझं पाठ होतं."

टीचरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतके दिवस नुसती पोपटपंची! ती दारात उभ्या असलेल्या मामाकडे वळली.

"मामा! सोमवारी शाळेत तिच्या कानात पुटपुटायला तुम्ही बसणार आहात का?"

"पुस्तक बघून रडायची हो ती. जरा मदत—"

"मदत? बुडवलंत पोरीला! आणि वर लग्न लावून दिलंत? पुस्तकात तो तिला बेटावर झोपलेली टाकून पळून जातो!"

"माहीत आहे मला!" आता मामाचाही आवाज चढला. "हिचा बाप असाच गेला. ही झोपलेली असताना. तेच परत वाचून दाखवू हिला?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. दोघांनी भिंगरीकडे पाहिलं. ती लालबुंद झाली होती.

"खोटारडा!" तिने पुस्तक ओढून घेतलं. मामा पुढे झाला, पण टीचरने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"वाचू दे तिला."

"अ...रि...आद्नी... झोप...ली... अस...ताना... थी...सियस... नि...घून... गेला." प्रत्येक अक्षरावर बोट असं दाबत होती, जणू त्यालाच चिरडायचं होतं. डोळे भरून आले होते. "घाणेरडा आहे तो!"

रागारागाने तिने पान उलटलं. फाटता फाटता राहिलं.

"मग... बेटा...वर... एक... देव... आला. त्याने... तिला... हस...वलं. तिने... त्याच्या...शी... लग्न... केलं."

हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. हळू, अडखळत, पण स्वतः वाचत होती पोरगी. सोमवारी शाळेने हवं तेवढं ऐकावं!

मामा थक्क झाला होता. "हे... पुढे होतं?"

"तुम्ही पानच उलटलं नाहीत?"

"डोकं फिरलं होतं. पुस्तक मिटलं... आणि शेवट मनाने लावला."

"मूर्ख आहात!" टीचरने त्याचं मनगट आणखीच आवळलं. "इतका राग येतो मला तुमचा... इथे येतो, घरी गेल्यावर येतो, दुसऱ्या मुलांना शिकवतानाही येतो—"

"मला तुम्ही नसलात की येतो," मामा हळूच म्हणाला. "लिफ्टच्या खड्ड्यात एकटाच चिडत बसतो. असंच... जन्मभर चिडायचं असेल, तर माझी तयारी आहे."

टीचरने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "विचारायची ही पद्धत झाली?"

"मग कसं विचारू?"

"शू!" भिंगरीने पुस्तकातून मान वर न काढता दाराकडे बोट दाखवलं. "तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा. मला वाचायचंय!"

दोघं निमूटपणे बाहेर गेली. मामाचं मनगट सोडायचं मात्र टीचरकडून रागाच्या भरात राहूनच गेलं.