सोळा सेकंद

भूपेंद्रनं कामावर निघताना मामांचा फोन माझ्या हातात दिला. "यातले फोटो तुझ्या फोनवर टाकून ठेव. मग देऊन टाकू कुणाला तरी," असं म्हणून तो बूट घालून गेला. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. काम अर्ध्या तासाचं होतं. भाजी चिरून झाली की करू, असं म्हणून मी तो फोन डब्यांच्या फळीवर ठेवला आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही.

भेस्तानला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमची खाती आहेत. खातं म्हणजे मागांची शेड. एकेकात पन्नास-साठ माग असतात आणि ते दिवसरात्र चालतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला झोप नव्हती. नवव्या दिवशी वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, आणि सोसायटीतली माणसं दचकून बाहेर आली. आवाजाची भीती इथं कुणाला नाही. तो थांबला की मात्र माणसं अस्वस्थ होतात.

मामांनी त्या खात्यांत एक्केचाळीस वर्षं फिटरचं काम केलं. त्यात कान गेले. सासूबाई, शोभाबाई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो. बाहेरच्या खोलीत खाटेवर मामा, आतल्या खोलीत मी, आणि मध्ये पडदा. बोलणं नाही. लग्नात भूपेंद्रच्या आत्यानं, सुभद्राबाईंनी, मला कोपऱ्यात घेऊन अहिराणीत बजावलं होतं, "सासरासमोर बोलानं नही. त्या दारशी खाकरतीन, मंग डोकावर पदर लेवाना."

मी अमळनेरला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेली. तरी मान डोलावली. लग्नात मुलगी सगळ्यालाच मान डोलावते.

मामा रीत पाळायचे. आत यायचं असलं की उंबऱ्याशी थांबून खाकरायचे. स्वतःचं खाकरणं त्यांना ऐकू येत नसल्यामुळे ते बंद पडलेला पंप सुरू व्हावा तसं मोठं असायचं. मी पदर घ्यायचे, ते यायचे, माठातलं पाणी घ्यायचे, जायचे. पाच महिन्यांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. कुणाचं काही अडलंही नाही.

माझं बोलणं फोनवर व्हायचं. 'रिकामं रॉकेट' नावाचा एक मराठी ग्रुप आहे. तिथं लोक विज्ञानाच्या, तंत्रज्ञानाच्या बातम्या टाकतात आणि खाली टवाळी करतात. खऱ्या नावानं तिथं कुणीच नसतं. मी 'टोचणी'. घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाला एक कप उचलून ठेवायला अकरा मिनिटं लागली, अशी बातमी आली. मी लिहिलं, "नवऱ्यांच्या मानानं वेग समाधानकारक." अठरा तासांचं वर्ष असलेला ग्रह सापडला, तेव्हा लिहिलं, "तिथल्या सुनेला 'वर्ष झालं, गोड बातमी कधी' हे रोज ऐकावं लागत असणार." हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची. घरात मुकी असलेली मी तिथं दोन हजार लोकांत तिखट जिभेची म्हणून प्रसिद्ध होते.

मी असं काही लिहिलं की थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीतून मामांचं हसणं यायचं. तेही पंपासारखंच. मला वाटायचं, फोनवर विनोदी नाटक बघतात. ऐकू येत नाही तर नाटक कसं बघतील, हा विचार मला कधी शिवला नाही. बी.एस्सी. झालेल्या बाईला शिवायला हवा होता.

मामा जाण्याच्या पाच-सहा दिवस आधी एका सकाळी भूपेंद्र डबा घेताना म्हणाला, "तू बोलत नाहीस ते एक बरं आहे बघ. घरात शांतता असते." मनात काही नव्हतं त्याच्या, पण मला ते दिवसभर टोचत राहिलं. दुपारी ग्रुपवर बातमी आली की काही सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाचा आवाज हुबेहूब तयार करणारं एक फुकट ॲप निघालंय. खाली टवाळी सुरू झाली. 'अर्धा न्यूटन' म्हणून एक जण आहे, त्यानं लिहिलं, "आता साहेबांच्या आवाजात स्वतःची रजा मंजूर करणार." त्या हसण्यात मध्येच 'फिटर ४१' नावाच्या कुणीतरी लिहिलं:

"नमस्कार. माझ्याकडे कै. पत्नीचा सोळा सेकंदांचा आवाज आहे. एवढ्यात काम होईल का? तसेच तो आवाज खूप मोठा करता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावे."

मी लिहिलं, "सोळा सेकंद? काका, हयातीत तरी याहून जास्त बोलू दिलंत का?"

आता वाटतं, नाव वाचायला हवं होतं. आकडा वाचायला हवा होता. पण घरातले मामा अहिराणी बोलायचे, आणि हे तर पुस्तकातलं मराठी होतं. मला त्यात फक्त कुणीतरी एक पुरुष दिसला. संध्याकाळपर्यंत सहाशे लोक हसले. बाहेरच्या खोलीतून मात्र त्या दिवशी हसणं आलं नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी दुपारी मामा उंबऱ्याशी खाकरले. मी पदर घेतला आणि थांबले. ते आत आले नाहीत. पुन्हा खाकरले. पडद्याखालून त्यांची पावलं दिसत होती, अंगठे उंबऱ्याला टेकलेले. तिसऱ्यांदा खाकरले, पण हळू. एवढं हळू ते कधी खाकरत नसत. काय हवं, एवढं विचारायला हवं होतं. रीत आडवी आली, असं मी सगळ्यांना सांगू शकले असते, आणि कुणी दोषही दिला नसता. पण खरं सांगते, माझ्या हातात फोन होता. त्या सहाशेचे सातशे झालेत का, ते मी बघत होते. थोड्या वेळानं पावलं गेली.

संध्याकाळी भूपेंद्र आला तेव्हा मामा खाटेवर गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. मी कुणाला काही बोलले नाही. मी बोलत नाहीच.

तर त्या एकविसाव्या दिवशी भाजी चिरून झाली आणि मी फोन उघडला. समोरच 'रिकामं रॉकेट' उघडं होतं, वर 'फिटर ४१' असं नाव. खाली माझी ती ओळ. तिच्यावर हसणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. आणि उत्तराच्या चौकटीत लिहून न पाठवलेले चार शब्द:

"बरोबर बोललात. सोळाही नसतील."

मी खाली बसले. हाताला भेंडीचा चिकटा तसाच होता. जपून ठेवलेल्या मजकुरात माझ्या दोनशेच्या वर ओळी होत्या. कप उचलणारा यंत्रमानव होता, अठरा तासांचं वर्ष होतं. पाच महिने मी पडद्याच्या अलीकडून लिहीत होते आणि ते पलीकडून वाचत होते.

सासूबाईंचा तो आवाज फोनमध्ये सापडला. गावाहून भूपेंद्रला पाठवलेला आणि त्यानं मामांच्या फोनवर टाकलेला निरोप होता. "तुन्हा बापले सांग, डबा खायी ल्या म्हना. रातले उशीर नका करू म्हना..." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक होता. मागांच्या आवाजात तो कुणालाच ऐकू आला नसता, मामांना तर नाहीच.

मग मी ते केलं. वेडेपणा म्हणा. ते ॲप माझ्या फोनवर घेतलं. सोळा सेकंद त्याला दिले आणि त्यांच्या आवाजात बोलायला लिहिलं, "मी बरी शे. तुम्ही जेयी ल्या." भूपेंद्रचा गोल स्पीकर जोडला, मामांच्या रिकाम्या खाटेवर उशाशी ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. मामांनी तेवढंच तर मागितलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी फाइल तयार झाली. सहा शब्दांची, पण लांबी सोळा सेकंद. मला वाटलं, फुकटचं ॲप आहे, नमुन्याएवढीच लांबी देत असेल.

मी ती लावली. सासूबाई बोलल्या, "मी बरी शे. तुम्ही जेयी ल्या." अगदी त्याच. खोलीच्या भिंतींना तो आवाज लागला. नंतर नुसती खरखर. मी सेकंद मोजत उभी राहिले. दहा... बारा... सोळा. संपलं.

मी आत आले आणि पडदा सोडला. त्याच क्षणी वीज गेली.

माग थांबले. एकेक करून नाही, सगळे एकदम. पंखा फिरत फिरत मंदावला. भर दुपार होती, खिडकीत ऊन होतं, दोरीवर भूपेंद्रचा शर्ट वाळत होता. कुठून तरी खात्यातल्या यंत्रतेलाचा वास आला. मामांच्या कपड्यांना यायचा तसा. ते कपडे तर आम्ही दहाव्याला देऊन टाकले होते.

आणि उंबऱ्याशी कुणीतरी खाकरलं.

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर घेतल्यावर मला कळलं की मी पदर घेतलाय.

पडद्याखाली काहीच नव्हतं. फरशी होती, फरशीवर ऊन होतं.

पुन्हा खाकरणं आलं... आणि मग तिसऱ्यांदा, हळू.

मागच्या वेळी मी गप्प बसले होते. आताही बसले असते, तर मग जन्मभर बसायचं होतं. ते बहिरे आहेत हे आठवून मी ओरडून बोलले, "मामा, ती मीच होते. काय हवंय तुम्हाला?"

भिंतीपलीकडून शेजारच्या रंजनाताईंचा आवाज आला, "योगिता? कोणावर ओरडते गं?" आणि मग हसून, "इतक्या महिन्यांत आज आवाज ऐकला तुझा."

वीज आली. माग सुरू झाले. मी पडदा बाजूला केला. खाटेवर स्पीकर होता, बाकी काही नव्हतं. चादरीला उशाशी एक खळगा होता, पण तो स्पीकरमुळेही पडू शकतो. मी तसंच धरून चालले.

भूपेंद्र साडेसातला आला. हातपाय धुऊन जेवायला बसायच्या आधी त्यानं माझा फोन घेतला. "फोटो टाकलेस का?" मी काही बोलायच्या आत त्याला ती फाइल दिसली. "हे काय, आईचा आवाज?" त्यानं ती लावली.

"मी बरी शे. तुम्ही जेयी ल्या."

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यानं तोंडावर हात ठेवला. पुढं खरखर. मी म्हणाले, "बस, एवढंच आहे."

एवढंच नव्हतं. खरखरीतून खाकरणं आलं. एकदा, दोनदा, मग हळू. मग एका बाईचा ओरडलेला आवाज आला, "मामा, ती मीच होते. काय हवंय तुम्हाला?"

त्यानं फाइल तिथंच थांबवली. "हा तुझा आवाज आहे."

"हो."

"ती म्हणजे कोण?"

फाइलवर वेळ होती दोन दहा. मी बोलले ते वीज गेल्यावर, फाइल वाजवून झाल्यानंतर. पण त्यानं ते विचारलं नव्हतं. विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं. टोचणी, सहाशे हसणारे, न पाठवलेले चार शब्द, पडद्याखालची पावलं आणि माझ्या हातातला फोन, सगळं सांगितलं. लग्नानंतर इतकं सलग मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. भाकरी गार झाली.

माझं संपल्यावर तो फोनकडे बघत बसला. "अजून तीन सेकंद आहेत," म्हणाला.

"नको लावू."

"तू विचारलंयस ना त्यांना," तो म्हणाला. "मग उत्तर नको ऐकायला?"

त्यानं आवाज बारीक केला आणि फोन कानाला लावला. मागांच्या खडखडाटात मला काहीच ऐकू आलं नाही. त्याच्या ओठांकडे बघून मी मोजलं. एक... दोन... तीन. त्यानं फोन हळूच खाली ठेवला, पडद्याकडे पाठ करून बसला, आणि माझ्याकडे न बघता अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"डोक्यावर पदर घे."